मृगापूर्वीची परसबाग आणि सदैव ओली द्रव्ये

अक्षय्य तृतीया ओलांडली की मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत हळदीच्या आणि सातारा-कोरेगाव भागात आल्याच्या बेण्याची निवड सुरू होते. शेतकरी जेठे गड्डे निराळे काढतो, मऊ पडलेले फेकून देतो, डोळे फुगलेले बेणे सावलीत पसरून ठेवतो आणि वळवाच्या सरीकडे लक्ष लावून बसतो. नेमक्या याच दिवसांत आपल्या वैद्यवर्गानेही आपल्या परसाकडे, परस नसल्यास अंगणाकडे आणि तेही नसल्यास गच्चीवरील कुंड्यांकडे वळावे, अशी आमची विनंती आहे. प्रस्तुत लेखनप्रपंच त्यासाठीच आहे.

परसबाग हा विषय चिकित्सकांच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर शार्ङ्गधराने देऊन ठेवले आहे. द्रव्य ओले घ्यावयाचे झाल्यास ते सुक्याच्या दुप्पट घ्यावे, हा सामान्य नियम आपणां सर्वांस परिचित आहे. कारण ओल्या द्रव्यात जलांश अधिक. परंतु या नियमाला त्याने अपवाद सांगितले आहेत. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही नऊ द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत आणि ती दुप्पटही करू नयेत, असा तो दंडक आहे. परीक्षेपुरता हा श्लोक आपण सर्वांनी पाठ केला. आता आपल्या चिकित्सालयातील फडताळाकडे एकदा पाहावे. गुडूचीचे चूर्ण, वासाचे चूर्ण, शतावरीचे चूर्ण, अश्वगंधेचे चूर्ण! ज्यांच्याविषयी ‘सदैव ओली’ असे सांगितले, नेमकी तीच द्रव्ये आपण वर्षानुवर्षे कोरडी वापरतो. चूर्णे निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही ती देतो. परंतु ओल्या अडुळशाच्या रसाने रक्तपित्तात किंवा जुनाट कासात जो उपशय दिसतो, तो पिशवीतल्या पिवळट पाल्याच्या काढ्याने दिसत नाही, हे ज्यांनी दोन्ही वापरून पाहिले त्यांना सांगावे लागणार नाही.

या नवांपैकी प्रसारणी आपल्या भागात घराजवळ सहसा आढळत नाही, म्हणून तिचा विचार तूर्त सोडून देऊ. कुटजाचा वृक्ष होतो. त्याची साल पक्व वृक्षाचीच घ्यावी लागते, तेव्हा तो आज लावणे हे पुढच्या पिढीसाठी लावणे आहे. ज्यांच्याकडे विहिरीकाठी किंवा बांधावर जागा असेल त्यांनी पांढऱ्या कुड्याचे रोप अवश्य लावावे. रोप घेताना तो काळा कुडा नाही याची खात्री करून घ्यावी, कारण बाजारातील सालीत हीच सरमिसळ सर्वाधिक होते. उरलेली सात द्रव्ये मात्र चार खोल्यांच्या घरामागील जागेत सहज सामावतात, आणि त्यांतील पाचांची वेळ आता आहे.

‘आता’ म्हणजे नेमके केव्हा, हे सांगणे मात्र पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१ जूनच्या आसपास, हा नक्षत्रांचा हिशेब पंचांगात तसाच आहे. पाऊस तसा राहिलेला नाही. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला, तर २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. त्या मे महिन्यात वळीव आणि मोसमी पाऊस यांमध्ये उघडीप अशी उरलीच नाही. म्हणून तिथीपेक्षा मातीला विचारावे. वीतभर खोल खणून मूठभर माती दाबावी. गोळा होऊन तो टिचकीने फुटला तर पेरणी योग्य. हाताला चिकटून राहिला तर थांबावे. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावे किंवा पावसाची वाट पाहावी.

आपल्या दोन जिल्ह्यांतच पावसाचे इतके प्रकार आहेत की एकच सल्ला सर्वांस देणे अयोग्य होईल. महाबळेश्वर, जावळी, पाटण या बाजूला जून ते ऑगस्ट पाऊस उसंत देत नाही. तेथील वैद्यांनी कंद आणि कलमे मृगापूर्वीच मातीत घालावीत, म्हणजे झड लागेपर्यंत मुळे धरलेली असतील. आणि वाफे हातभर उंच करून चर काढावेत. जत, आटपाडी, माण, खटाव या अवर्षणप्रवण भागात जूनच्या सरी बहुधा फसव्या असतात, भरवशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनात परतीच्या वाटेवर मिळतो. तेथे आता केवळ कोरफड, निर्गुंडी, अडुळसा असे काटक जीव लावावेत आणि बाकीचे बियाणे जपून ठेवावे. सांगली-मिरजेची काळी जमीन ही तिसरीच तऱ्हा. वैशाखात तिला बोटभर भेगा पडतात आणि आषाढात ती पाणी धरून बसते. या जमिनीत नुसता खड्डा करून कंद पुरणे म्हणजे त्यास पाण्याच्या भांड्यात ठेवणे होय. मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफा करावा. भेगा असेपर्यंतच हे काम उरकावे. पहिल्या दमदार पावसानंतर काळ्या मातीत पायही ठेववत नाही.

आता गुडूची. नवांमध्ये हिचे नाव पहिले आहे आणि गेल्या काही वर्षांत वादही हिच्याविषयीच झाला. २०२० साली कोरोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती याची निश्चितीच झालेली नव्हती. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत गुडूची व तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद सांगणारे निवेदन काढले. पुढे त्याच वर्षी देशातील अनेक केंद्रांतील रुग्णांचा एकत्रित अहवालही आला आणि काहींत मूळचा सुप्त स्वयंप्रतिकारी यकृतविकार गुळवेलीने उघड झाला असावा, असे मत त्यात मांडले गेले. आपल्यापैकी पुष्कळांनी मंत्रालयाच्या निवेदनानंतर हा विषय मिटला असे मानले. आम्हांस तसे वाटत नाही. चुकीची वेल हे एक कारण खरे. परंतु रुग्णाचा यकृताचा पूर्वेतिहास न विचारता, मात्रा आणि काळ न ठरवता, ‘ही तर आपली अमृता’ म्हणून महिनोन्महिने चालू ठेवणे हेही शास्त्रास धरून नाही. घरी वेल लावल्याने यांतील पहिला प्रश्न तरी सुटतो.

आमच्याकडे रुग्ण ‘गुळवेल’ म्हणून पिशवीत नाना वेली घेऊन येतात. ओळख पटवण्याची लक्षणे अशी: खऱ्या गुडूचीचे कांड हिरवट, वरची पापुद्र्यासारखी साल नखाने सहज निघते आणि आत हिरवा भाग दिसतो, आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणूनच ती चक्रलक्षणिका. कांडावर मोठ्या गाठी नसतात, तोडल्यास दुधासारखा चीक येत नाही, फळे गोल व लाल असतात. क्रिस्पाचे कांड करडे, गाठीगाठींचे असते, दुधाळ स्राव येतो आणि फळे लांबट, नारिंगी असतात. रोपवाटिकेतून कोवळे रोप घेताना फळ दिसत नाही, कांडही पुरते बनलेले नसते. म्हणून रोप विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या जुन्या वेलीचे खोड आणणे अधिक श्रेयस्कर. पानाच्या खालच्या बाजूस दाट लव असेल तर ती टिनोस्पोराची आणखी निराळी जाती समजावी.

लागवड अगदी सोपी. बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन डोळ्यांचे, वीतभर तुकडे ज्येष्ठात घ्यावेत. एक दिवस सावलीत ठेवून निम्मे मातीत तिरपे खोचावेत, मात्र खालचे टोक खालीच राहील हे पाहावे. निंबावर चढवलेली गुळवेल श्रेष्ठ ही आपली परंपरा आहेच. निंब नसेल तर शेवगा किंवा साधे कुंपणही चालते. कण्हेर, रुई अशा विषारी झाडांवर मात्र ती चढू देऊ नये. कांड करंगळीएवढे जाड होईपर्यंत कात्री लावण्याचा मोह आवरावा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हवे तेवढे मिळते.

अडुळशास काहीच लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची किंमत नाही. शेळी तोंड लावत नाही, कीड फारशी पडत नाही, तोडू तितका फुटतो. पेन्सिलएवढ्या जाडीची, तीन-चार पेरांची कलमे मृगाच्या आगेमागे कुंपणाकडेने लावली की झाले. दोन झाडे एका कुटुंबास पुरून उरतात. पांढऱ्या फुलांचा हिरवा अडुळसा घ्यावा, काळा अडुळसा नव्हे. पान जाड असल्याने नुसते कुटून रस निघत नाही, आणि येथेच पुष्कळजण कंटाळून चूर्णाकडे वळतात. शार्ङ्गधराने वासाचा पुटपाक सांगितला आहे तो याचसाठी. कल्क पानांत गुंडाळावा, वर मातीचा लेप द्यावा, निखाऱ्यात माती लाल होईपर्यंत ठेवावा आणि मग पिळावा. आज कोणाच्या घरी निखारे नसतात, हे मान्य. पाने वाफवून कुटली तरी रस सहज सुटतो, असा आमचा अनुभव आहे. स्वरसाची मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे २४ मिलिलिटर. आजच्या रुग्णाचे बल पाहून आम्ही निम्म्यापासून आरंभ करतो. गर्भिणीस हा देऊ नये, हे शेजारणीला पाने देतानाही सांगावे.

शतावरीस धीर लागतो. काळे टणक बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ज्येष्ठअखेर पिशव्यांत पेरावे; अंकुर दिसण्यास महिना लागला तरी पिशवी फेकू नये. मुळ्या दुसऱ्या वर्षाच्या शिशिरात काढाव्यात. यवतेश्वर, सज्जनगड परिसराच्या उतारांवर शतावरी आपोआप उगवते. ती उपटून आणून परसात लावण्याचा विचारही कोणी करू नये. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसमवेत जागतिक वारशाच्या यादीत गेले, परंतु वारसा काय फक्त फुलांचाच असतो? बी आणावे, मूळ तेथेच राहू द्यावे.

कोहळ्याची गंमत अशी की तो आपल्याकडे दाराच्या चौकटीस दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला असतो, आणि आत वैद्यबुवा कूष्मांडावलेहाची बाटली बाजारातून मागवतात. मृगाच्या ओलीवर एका आळ्यात दोन-तीन बिया टोकाव्यात, वेल छपरावर सोडावा. कार्तिकापर्यंत फळावर पांढरी भुकटी धरते. कोवळा कोहळा पित्तहर, मध्यम कफकर, पक्व लघु, दीपन आणि बस्तिशोधन हा भेद सुश्रुताने केला आहे. घरचा वेल असेल तरच या तीन अवस्था हाती राहतात. पक्व फळ थंड जागी महिनोन्‌महिने टिकते. सहचर म्हणजे आपली पिवळी कोरांटी. तिची कलमे अडुळशासोबतच कुंपणात खोचून द्यावीत, काट्यांचा लाभ वेगळा.

हळद आणि आले या नवांत नाहीत, परंतु सांगली-साताऱ्याच्या परसबागेत त्यांना वगळणे म्हणजे यजमानास बाहेर उभे करणे. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने फुले स्वरूपा हा वाण दिला. सातारी आले म्हणून जे दूरवर जाते ते बहुतांशी माहीम जातीचे. घरासाठी गावातल्या शेतकऱ्याकडून मागितलेले चार जेठे गड्डे आणि पावशेर आले पुरे. बाजारातले स्वच्छ धुतलेले आले बेणे म्हणून घेऊ नये. डोळे फुगलेले, मातीसकट असलेले घ्यावे, दोन-तीन डोळ्यांचा एकेक तुकडा करावा आणि काप एक दिवस सुकू द्यावा. दोन बोटे खोल लावून वर वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे. कंद उघडे पडू लागले की माती चढवून भरणी करावी. दोन्हींना अर्धी सावली मानवते, म्हणून आंब्याखालची किंवा शेवग्याखालची वाया गेलेली जागा यांस उत्तम. पाणी साचू देऊ नये. कंदकूज लागली की उपायापेक्षा उपटून दूर टाकणे बरे, आणि त्या जागी दोन-तीन वर्षे पुन्हा आले लावू नये.

चरकाने कल्पस्थानात त्वचा, कंद आणि क्षीर शरद ऋतूत घ्यावेत असे सांगितले आहे. आपल्या हळदीचा कंद शरदात पक्व नसतो. पाला पौष-माघात वाळतो आणि तेव्हाच कंदात रस भरलेला असतो. येथे ऋतूच्या नावापेक्षा द्रव्याच्या पक्वतेकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. त्याच प्रकरणात सर्व भर पूर्णरसवीर्य द्रव्य घेण्यावर आहे. माघात निघालेली ओली हळद आणि त्याच सुमारास मिळणारे आवळे यांचा रस प्रमेहात एकत्र देण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. आल्याविषयी एक सूचना: ओले आर्द्रक ग्रीष्म व शरदात, तसेच रक्तपित्त, दाह, व्रण, पांडू यांत वर्ज्य असे भावप्रकाशाने सांगितले आहे. घरी पीक आले म्हणून ते सरसकट सर्वांच्या चहात जाऊ देऊ नये.

पेरावयाच्या वनस्पतींहून न पेरता येणाऱ्यांची यादी मोठी आहे. पहिल्या दोन पावसांनंतर घेटुळी, माका, भुईआवळी, आघाडा, टाकळा आपोआप वर येतात आणि माळीबुवा खुरपे घेऊन तण म्हणून त्यांचा निकाल लावतात. ज्या वैद्याच्या अंगणातून पुनर्नवा उपटून फेकली जाते आणि कपाटात तिचे चूर्ण विकत घेऊन ठेवलेले असते, त्यास काय म्हणावे! एक कोपरा आखून तेथे खुरपे लावू नये. घेटुळीसोबत मांसल पानांचा खापराही उगवतो आणि बाजारात पुनर्नवेच्या नावाने तोच पुष्कळदा येतो. घेटुळीची बारीक फळे बोटास व धोतरास चिकटतात, खापऱ्याची चिकटत नाहीत; शंका आली तर फळ येईपर्यंत थांबावे. ब्राह्मी आणि मंडूकपर्णीचा घोळही असाच. गोल, काठास दातेरी पानांची, जमिनीवर धावणारी ती मंडूकपर्णी. लहान, रसाळ, देठ जवळजवळ नसलेल्या पानांची ती जलनेवरी. दोघींनाही ओल हवी. मोरीच्या स्वच्छ पाण्याच्या वाटेवर शेजारी शेजारी लावून पाट्या रोवाव्यात, म्हणजे घरातील मुलेही चुकणार नाहीत.

कृष्णाकाठच्या वैद्यांसाठी एक वेगळी बाब. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले, आणि २००५ व २०२१ चे महापूरही आपण पाहिले आहेत. २००५ मध्ये हरिपूरची हळदीची पेवे पाण्याखाली गेली, तेथे परसातल्या वाफ्याची काय कथा. पूररेषेत घर असणाऱ्यांनी प्रत्येक वनस्पतीचे एक रोप कुंडीत लावून आषाढाअखेर गच्चीवर चढवून ठेवावे. बाग गेली तरी बीज राहते. पुराचे पाणी ओसरल्यावर अडुळसा, निर्गुंडी पुन्हा फुटतात आणि पाने वरून निरोगी दिसतात. परंतु त्या पाण्यात गटारे, उकिरडे आणि शेतातील औषधे मिसळलेली असतात. त्या हंगामातील कोणतेही पान स्वरसासाठी घेऊ नये. जुनी फूट छाटून टाकावी, गाळ खरवडावा, उन्हाळाभर माती तापू द्यावी. अशुचि भूमीतील द्रव्य वर्ज्य, हे चरकाचेही मत आहे.

कुंड्यांच्या खालच्या ताटल्यांत पाणी साचून डास होतात. आषाढात त्या काढून ठेवाव्यात, नाहीतर गुळवेल लावणाऱ्याच्या घरीच डेंग्यूचा रुग्ण निघावयाचा. गोगलगायी संध्याकाळी हाताने वेचाव्यात. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजल करून पाहण्याची हौस कोणास असल्यास ती गावाबाहेर भागवावी. मांस कुजवलेल्या त्या द्रवाचा गंध शेजारधर्मास मानवणारा नाही. कुजलेले शेणखत आणि गोमूत्राचे पातळ पाणी परसास पुरेसे आहे.

अश्वगंधा आणि शतपुष्पा ही उरलेली दोन द्रव्ये मृगात पेरू नयेत. झडीच्या पावसात अश्वगंधेची मुळे कुजतात आणि शेपूसारखी नाजूक शतपुष्पा आडवी पडते. अश्वगंधेचे बी भाद्रपदात, पाऊस मंदावल्यावर, निचऱ्याच्या हलक्या जमिनीत फेकावे. जत-आटपाडीकडील वैद्यांस या बाबतीत आम्हां कृष्णाकाठच्यांपेक्षा अधिक यश मिळेल. शतपुष्पा दसऱ्यानंतर पेरावी. तोवर दोन्ही बिया राखेत घालून, कोरड्या बरणीत, नाव व महिना लिहून ठेवाव्यात.